किनाऱ्यालगतची घरं आणि समुद्रातला बचाव : गावच्या सभेत काय ठरवता येतं, काय नाही

किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात ग्रामपंचायतीची मासिक सभा किंवा नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा असली, की विषयपत्रिकेवर हल्ली दोन विषय हमखास असतात. एक, अमुक गट नंबरमध्ये बंगल्यांचा लेआउट किंवा इमारत, त्याला ना हरकत दाखला. दुसरा, किनाऱ्यावर जीवरक्षक नेमणे, होडी-दोर-रिंग घेणे. पहिल्या विषयावर दोन तास वाद होतो. दुसरा शेवटी येतो आणि ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करावा’ एवढं लिहून सभा संपते.

हे दोन विषय वेगळे धरले जातात, गडबड तिथूनच सुरू होते. घरं वाढली की माणसं वाढतात, माणसं वाढली की पाण्यात उतरणारे वाढतात. घरांमुळे पंचायतीला पैसाही येतो. पण तो पैसा आणि पाण्यातलं संकट एकमेकांना कागदावर कुठेच भेटत नाहीत. ते सभेत कसं भेटवता येईल, त्यासाठी कुठला कायदा, कुठला पैसा, कुणाची सही लागते, याची ही माहिती. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या वाचकांना यातलं बरंचसं अनुभवाने माहीत असेल, पण सभेत बोलायला उभं राहिल्यावर कलम हाताशी असलेलं बरं.

आधी दोन तारखा

१ फेब्रुवारी २०१६. मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७. मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. दोन्ही वेळा सर्वांत आधी पाण्यात गेले ते गावातले लोक, मच्छीमार, होडीवाले. त्यांचा पगार नाही, विमा नाही, नेमणूक नाही. एक मुरूड नगरपरिषदेचं शहर, दुसरं मालवण शहराला लागून असलेलं ग्रामपंचायतीचं गाव. म्हणजे नगरपरिषद असली की सोय होते आणि ग्रामपंचायतीत होत नाही, असा काही हिशेब नाही.

बांधकामाची परवानगी नक्की कुणाच्या हातात?

इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ मध्ये बांधकामाला पंचायतीची परवानगी सांगितली आहे. पण ती मुख्यतः गावठाणापुरती चालते. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे परवानगी जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाकडून होते. नगरपरिषद, नगरपंचायत असेल तर ती स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. म्हणून मुरूड, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ले इथल्या सभागृहाला जेवढा अधिकार आहे, तेवढा नागाव, हर्णै, तारकर्लीच्या पंचायतीला नाही.

त्यात आणखी एक भर आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गालगतच्या काही गावांसाठी २०२४ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. अशा गावात परवानगीचा कागद पंचायतीकडे नाही, महामंडळाकडे फिरतो. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे सभेला जाण्याआधी बघून ठेवा. नाहीतर चुकीच्या माणसाशी भांडण होतं.

आणि सगळ्यांच्या वर सीआरझेड. १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११ ची, आता जानेवारी २०१९ ची. भरतीच्या कमाल रेषेपासून समुद्राच्या बाजूने ५०० मीटरपर्यंत तिचा अंमल. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल ते. ग्रामीण भाग सीआरझेड-३ मध्ये येतो आणि त्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ३-अ, तिथे ५० मीटरचा ‘ना विकास’ पट्टा. त्यापेक्षा कमी वस्ती असेल तर ३-ब, तिथे २०० मीटर. आपल्याकडची बहुतेक गावं विरळ, नारळी-पोफळीत पसरलेली. त्यामुळे ती दुसऱ्या प्रकारात पडतात, असं धरून चालायला हरकत नाही. पण खात्री नकाशावरूनच करायची. सागरी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा गट नंबरसह बघायचा, कुणी तोंडी सांगितलेल्या रेषेवर जायचं नाही.

एक तरतूद मात्र थेट स्थानिक संस्थेच्या हातात आहे आणि ती फार कमी सदस्यांना माहीत असते. स्वतः राहण्यासाठीचं घर, एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर सागरी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं, पण सीआरझेडच्या नियमात प्रस्ताव बसतो का हे तपासूनच. कोळीवाड्यातल्या, भंडारवाड्यातल्या माणसाला आपलं पडकं घर उभं करताना याचा खरा उपयोग आहे. याच तरतुदीच्या आडून शहरातला माणूस ‘स्वतः राहणार’ म्हणून बंगला बांधतो आणि पुढच्या मे महिन्यात तो दिवसावर भाड्याने चढतो, हेही आपण बघतोच. मंजुरी देताना ‘राहण्यासाठी’ या शब्दावर सभेत प्रश्न विचारणं हा सदस्याचा हक्क आहे, त्याला कुणी विकासविरोधी म्हणू नये.

घरांना सरसकट विरोध करणारेही सभेत असतात. त्यांचं सगळं बरोबर असतं असं नाही. गावातल्या पोरांना घरासाठी जागा मिळत नाही, भावकीत वाटणी होऊन एकेका खोलीवर संसार आलेत, आणि बाहेरच्याच्या बंगल्याला विरोध करता करता आपल्याच माणसाचं घर अडतं. विरोध करायचा तर तो कुठल्या घराला, हे बोललं पाहिजे.

समुद्राकडे जाणारी वाट

बंगला बांधला की कंपाउंड येतं. कंपाउंड आलं की पिढ्यान्‌पिढ्याची पाखाडी बंद होते किंवा इतकी अरुंद होते की होडी ओढून न्यायला जागा राहत नाही. रोजच्या दिवशी याचा त्रास फक्त रापणवाल्यांना होतो, म्हणून बाकीचे गप्प बसतात. बुडालेल्या माणसाला काढून वाळूवर आणलं आणि रुग्णवाहिका तीनशे मीटर मागे फाटकाशी अडकली, की मग तो सगळ्यांचा प्रश्न होतो. श्वास थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात. तीनशे मीटर वाळूतून माणूस उचलून नेण्यात तेवढी सहज जातात.

हॉटेल-रिसॉर्टच्या बाबतीत सीआरझेडमध्ये स्पष्ट अट आहे. दोन रिसॉर्टमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडली पाहिजे. खासगी बंगल्यांच्या रांगेला ही अट तशी लागत नाही. तिथे उपयोगी पडतं ते ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३. सार्वजनिक रस्ता, मोकळी जागा यावरचा अडथळा, अतिक्रमण काढण्याचा अधिकार त्यात पंचायतीला दिला आहे. अट एकच, वाट पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती नसते. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून आजवर कुणी लिहिली नाही.

म्हणून लेआउटचा विषय आला, की ना हरकत द्यायची की नाही यावर घसा कोरडा करण्याआधी हे विचारा : या गटातून किंवा गटाच्या कडेने समुद्राकडे जाणारी वाट आहे का, ती नोंदवहीत आहे का, नसेल तर आज नोंदवण्याचा ठराव करायचा का? परवानगी वरचं कार्यालय देणार असलं तरी पंचायतीचा अभिप्राय फायलीत जातो. त्यात वाट, तिची रुंदी आणि रुग्णवाहिका वळण्याइतकी जागा लिहून गेली, तर पुढे भांडायला कागद राहतो.

जीवरक्षक नेमणं कुणाचं काम?

खरं सांगायचं तर, नाव घेऊन कुणाचंच नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीकडे द्यायचे २९ विषय आहेत. त्यात ग्रामीण गृहनिर्माण दहाव्या क्रमांकावर आहे. किनाऱ्यावरचा बचाव कुठेच नाही. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे, पण समुद्र तिथेही नाही. मुंबईत चौपाट्यांचं काम महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आहे. आपल्याकडच्या छोट्या नगरपरिषदांकडे एक बंब आणि चार माणसं, त्यांनी आग बघायची की समुद्र?

तटरक्षक दल समुद्रात लांबवर अडकलेल्या बोटींसाठी आहे, गुडघाभर पाण्यातून पाय सुटलेल्या माणसापर्यंत ते पोचू शकत नाही. सागरी पोलीस येतात, पण तोवर वेळ गेलेली असते. सागरी मंडळाकडे प्रवासी बोटी आणि पाण्यातल्या खेळांचे परवाने असतात, पोहणाऱ्याची जबाबदारी नसते.

धरायला एक धागा मात्र आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५. कलम २५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. कलम ४१ मध्ये स्थानिक संस्थेचीही कामं सांगितली आहेत : आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि साधनसामग्री वापरायला तयार स्थितीत ठेवणं. म्हणजे ‘आमच्याकडे हा विषयच येत नाही’ हे पंचायतीचं उत्तर पुरतं नाही. आणि ‘ते पंचायतीनं बघावं’ हे तालुक्याचं उत्तरही पुरतं नाही. ठरावात दोन्ही कलमं घालून प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवली, तर निदान टोलवाटोलवी थांबते.

शेजारी गोव्यात काय केलं ते बघा. २००८ पासून तिथल्या सरकारने सगळ्या प्रमुख किनाऱ्यांचं काम एका खासगी संस्थेला कंत्राटाने दिलं. पैसा राज्याच्या पर्यटन खात्याचा, पंचायतीचा नाही. जीवरक्षक सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच पोहायचं आणि लाल बावटा असेल तिथे उतरायचंच नाही, ही शिस्त लोकांच्या अंगवळणी पडली. गोव्याचा किनारा लहान, पर्यटन हेच मोठं उत्पन्न, त्यामुळे तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. पण रेड्डीपासून पुलापलीकडे गेलं की सोय आहे आणि अलीकडे नाही, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला रोज दिसतं.

पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे

घरांमुळे पंचायतीला दोन मुख्य वाटांनी पैसा मिळतो. पहिली घरपट्टी. २०१५ च्या सुधारणेनंतर ती भांडवली मूल्यावर आकारली जाते, म्हणजे नवा मोठा बंगला जुन्या कौलारू घरापेक्षा जास्त देतो. दुसरी मुद्रांक शुल्कातला वाटा. जमीन-घराच्या खरेदीखतावर १ टक्का अधिभार लागतो, त्याचं अनुदान जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीत वाटलं जातं. गावात जमिनीचे व्यवहार जितके जास्त तितकी ही रक्कम मोठी. ती हप्त्या-हप्त्याने, उशिरा येते ही वेगळी रड. नगरपरिषदेला याशिवाय बांधकाम परवानगीबरोबर विकास शुल्क मिळतं. नियोजन अधिनियमाप्रमाणे ते सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचं असतं.

आता अडतं कुठे? बऱ्याच सदस्यांना वाटतं, वित्त आयोगाच्या पैशातून जीवरक्षक नेमू. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित होती, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची, पण पगार आणि आस्थापना खर्च सोडून. त्यामुळे या पैशातून होडी बसते, रिंग बसते, दोर-दुर्बीण-कर्णा बसतो. ते वापरणाऱ्या माणसाचं मानधन बसत नाही. पंचायतीच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्याकोऱ्या रिंगा दिसतात त्या यामुळे. साहित्य आलं, बिल निघालं, माणूस नेमलाच नाही.

मानधन द्यायचं तर ते स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी, वाहनतळ शुल्क, मुद्रांकाच्या वाट्यातून द्यावं लागतं. स्वनिधीतला काही भाग मागासवर्गीय, महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखीव असतो, तो बाजूला ठेवून उरतं त्यातून.

हिशेब करून बघू. समजा एका किनाऱ्यावर एका वेळी दोन जीवरक्षक हवेत, सुट्टी-आजारपण धरून चार नेमले. महिना १५ हजार मानधन धरलं तर महिन्याला ६० हजार, वर्षाला ७ लाख २० हजार. समजा गावात नवे २०० बंगले झाले आणि प्रत्येकी ३ हजार घरपट्टी आली, तर ते झाले ६ लाख. आकडे आपापल्या गावाचे घालून बघा. लहान पंचायतीला एकटीने हे परवडणार नाही, हे पाच मिनिटांत कळतं. पण शेजारच्या तीन पंचायतींचा किनारा सलग असेल आणि तिघींनी मिळून ठराव केला, उरलेला भाग जिल्हा नियोजन समितीकडे मागितला, तर आकडा आवाक्यात येतो. वर्षभर शक्य नसेल तर शनिवार-रविवार, दिवाळी ते नाताळ आणि मे महिना, एवढं तरी धरा. गर्दी कधी असते हे खानावळवाल्याला विचारलं तरी कळतं.

समुद्राचं वेळापत्रक

जीवरक्षकाची पाळी ठरवताना घड्याळाइतकीच तिथी बघावी लागते. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमीला सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरले तर सव्वाअकरा, म्हणजे दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास. दक्षिणेकडे जाताना थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतं. त्यानंतर सहा तास ओहोटी. आता जोडून बघा : पौर्णिमेच्या आसपासचा रविवार, उधाणाचं पाणी, पर्यटक दीड वाजता मासे-भात जेवून दोन-तीनला पाण्यात उतरतात. नेमकी तेव्हा ओहोटीची ओढ सर्वांत जोरात असते. भांगाच्या दिवसांत हीच जागा शांत वाटते, म्हणून मागच्या वेळी आलेला माणूस या वेळी फसतो.

पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं. मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. यांत्रिक होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी घरात. म्हणजे वर्षभर जो बचाव फुकट मिळतो, तो या दोन महिन्यांत नसतो. पावसाळी पर्यटक मात्र आता याच दिवसांत यायला लागलेत. फक्त हंगामापुरता जीवरक्षक ठेवायचा झाला तर जून-जुलैमध्ये किनारा बंद ठेवण्यासाठी निदान एक माणूस शिट्टी घेऊन उभा राहिला पाहिजे. पाण्यात शिरून वाचवायचं काम त्याला सांगूच नये. खवळलेल्या समुद्रात होडीशिवाय उतरणं म्हणजे दोन जीव धोक्यात.

जीवरक्षक कोण, हाही प्रश्न सभेत येतो. कोळी, गाबीत, भंडारी समाजातली पोहणारी पोरं पहिला हक्क मागतात आणि तो रास्तच आहे. पाण्याची ओळख त्यांना आहे. पण पोहता येणं आणि बुडणाऱ्याला आणणं यात फरक असतो. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. त्यासाठी, आणि बाहेर काढल्यावर श्वास-छाती दाबणं शिकण्यासाठी, प्रशिक्षण लागतंच. जिल्हा आपत्ती कक्षाच्या ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणात आपल्या गावची नावं घालता येतात का, हे विचारायला पत्र पंचायतीनेच द्यायचं असतं. विम्याची ओळ ठरावात विसरू नका.

ठराव कसा असावा

‘जीवरक्षक नेमणेबाबत चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. किती माणसं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, मानधन किती, कुठल्या लेखाशीर्षातून, सूचक-अनुमोदक कोण, प्रत कुणाकुणाला, एवढं आलं पाहिजे. मासिक सभेत सदस्य ऐकत नसतील तर विषय ग्रामसभेत आणा. तिथे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते उपस्थित लागतात. इतिवृत्तात आपलं म्हणणं आलं का हे नंतर बघायचं असेल, तर माहिती अधिकारात प्रत मागता येते, ३० दिवसांत द्यावी लागते.

नगरपरिषदेच्या शहरात ग्रामसभा नसते. तिथे आपल्या नगरसेवकामार्फत विषय विषयपत्रिकेवर घालावा लागतो. विकास शुल्काच्या खात्यात किती जमा आणि त्यातलं किनाऱ्यावर किती गेलं, हा एकच प्रश्न लेखी विचारायला सांगा.

तोवर किनाऱ्यावरच्या प्रत्येक टपरीवर, निवासाच्या दारावर हे नंबर मोठ्या अक्षरात लावता येतात, त्याला निधी लागत नाही : आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४. सोबत एक लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवा.

वेळेचं एक लक्षात ठेवा. पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून तयार व्हायला लागतो. साहित्याची मागणी त्यात घातली तर पैसा एप्रिलनंतर मिळतो. मधली दिवाळी आणि नाताळची गर्दी त्यात बसत नाही. तेवढ्या तीन महिन्यांचं मानधन स्वनिधीतूनच काढायचं, म्हणजे तो ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हायला हवा.